थंड पाण्याखालचे रान

मे महिन्याच्या सुट्टीत कोकणातला शिक्षक दोनच ठिकाणी सापडतो. एक तर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात, नाहीतर लग्नाच्या मांडवात. गेल्या सुट्टीत मात्र आम्ही दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या फॉल्स बे नावाच्या उपसागरात, पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली होतो. सोबत सतरा वर्षांची लेक होती. पाण्याचे तापमान १४ अंश होते. परत आल्यावर हे ऐकून गावातले एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, आपल्या खाडीत पाणी कमी होतं काय?"

त्यांचा सवाल रास्त आहे. जवाब जरा लांबचा आहे, म्हणून हा लेख.

केपटाऊनचे कोकणी

केपटाऊन आणि कोकण यांचे नाते शंभराहून अधिक वर्षांचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि आजच्या रायगड जिल्ह्यांतले मुसलमान जहाजाने तिकडे गेले, दुकाने थाटली आणि तिथलेच झाले. त्यांच्याही आधी, सतराव्या शतकापासून, डच लोकांनी इंडोनेशियाच्या बेटांतून कैदी आणि गुलाम म्हणून आणलेले मुसलमान तिथे होते. १६९४ साली हद्दपार होऊन आलेले शेख यूसुफ यांच्या नावाची दर्गाह याच फॉल्स बेच्या किनाऱ्याजवळ, मकासर येथे आहे. तिथले बहुतेक मुसलमान कोकणी जमातीसारखेच शाफई. त्यामुळे आपल्या लोकांना नमाजाच्या सफेत तरी परके वाटले नसावे.

आमच्या अम्मीचे चुलते असेच गेले. त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे मामू, जन्माने केपटाऊनचे. वय ७८. कोकणी अजून अस्सल बोलतात, फक्त मध्येच एखादा आफ्रिकान्स शब्द टाकतात आणि आपल्याला कळला असे धरून चालतात. त्यांची नात स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षक आहे.

मामूंनी आम्हाला बोलावले ते भेटीसाठी. समुद्रात उतरण्याचा विचार आमच्या लेकीचा. बारावीचा शेवटचा पेपर संपल्यापासून तिने मत्स्यशास्त्र शिकण्याचे टुमणे लावले होते. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे अर्ज करायचा आणि पुढे समुद्री जीवांचा अभ्यास करायचा. आमचे मत वेगळे होते. घरात आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. पोरीनेही बी.एड. करावे, जवळच्या शाळेत लागावे, संध्याकाळी घरी यावे. खरे सांगायचे तर या मताच्या तळाशी भीती होती. आमचे गाव खाडीकाठचे. खाडीने कुणाच्या तरी घरातला माणूस नेला नाही असा पावसाळा विरळा. 'पाण्याजवळ जायचं नाही' हे वाक्य आम्ही अलिफ-बेच्या आधी शिकलो.

अर्जावरची सही

अठरा वर्षांखालील मुलाला डायव्हिंग करायचे असेल तर अर्जावर पालकाची सही लागते. सोबत दुखण्यांची यादी असते. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचे आजार, रक्तदाब. एखाद्याही प्रश्नाला 'होय' असे उत्तर आले तर डॉक्टरांचा दाखला आणावा लागतो. आम्ही पेन हातात धरून बराच वेळ बसलो. मामूंची नात म्हणाली, "चाचा, तुम्हीही चला. सही करून किनाऱ्यावर बसलात तर जास्त घाबराल."

आमच्या रक्तदाबामुळे दाखल्यासाठी एक दिवस गेला. तेवढ्यात लेकीच्या अम्मीचा गावाहून फोन आला. तिचा पहिला सवाल पोशाखाचा होता. थंड पाण्यातला पोशाख म्हणजे सात मिलिमीटर जाडीच्या रबराचा सूट. डोक्यावर त्याच रबराची टोपी, हातात मोजे, पायात बूट. चेहरा तेवढा उघडा आणि त्यावरही काचेचा मास्क. सूट अंगाला घट्ट बसतो, म्हणून पाण्यापर्यंत जाताना पोरीने वरून सैल झगा घातला. फोटो पाहून अम्मी म्हणाली, "यात बाप कुठला आणि लेक कुठली?"

हा सूट हौसेचा नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब खेचून घेते. १४ अंशांची हवा म्हणजे आपल्याकडची झकास थंडी, पण १४ अंशांच्या पाण्यात उघडे अंग थोड्याच वेळात सुन्न पडू लागते. गंमत अशी की हा सूट पाणी अडवत नाही. पाण्याचा पातळ थर आत शिरतो, अंगाच्या उबेने तापतो आणि रबरातले हवेचे बारीक बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. पहिला थेंब मानेतून पाठीवर उतरतो तेव्हा मात्र माणसाच्या तोंडून आपोआप 'या अल्लाह' निघते.

पुन्हा पहिलीच्या वर्गात

पहिला दिवस सायमन्स टाऊन गावाच्या लाँग बीचवर, छातीभर पाण्यात गेला. सिलिंडरमध्ये साधीच हवा असते, फक्त खूप दाबून भरलेली. पहिला नियम एकच: श्वास कधी रोखायचा नाही. कारण पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटर खोलीवर छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुस फाटू शकते. दुसरा नियम कानांचा. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, म्हणजे कानाच्या आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. तिसरा नियम आमच्यासारख्यांसाठी अवघड. अंगठा वर केला की पाण्याखाली 'छान' असा अर्थ होत नाही, 'वर चला' असा होतो. 'सगळे ठीक' सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

मग मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून नाकाने फुंकून ते बाहेर काढायचा सराव आला. लेकीने पहिल्याच खेपेला केला. आमच्या नाकात पाणी गेले, दम अडकल्यासारखा झाला आणि आम्ही धडपडत उभे राहिलो. पाणी छातीभर होते म्हणून बरे. वीस वर्षे आम्ही मुलांना 'घाबरू नकोस, पुन्हा कर' असे सांगत आलो आहोत. त्या दिवशी ते वाक्य लेकीने आम्हाला ऐकवले. चौथ्या खेपेला जमले.

थंडीची बरकत

दुसऱ्या दिवशी आम्ही विंडमिल बीचला गेलो. मोठमोठे गुळगुळीत खडक आणि मध्ये शांत पाणी. पाण्यावर तपकिरी पट्ट्यांची जाळी पसरलेली. हे केल्प. दिसायला झाड, पण जात शेवाळाची. याला मुळे नसतात. बोटांसारख्या फांद्यांनी ते तळाच्या खडकाला घट्ट धरून राहते. दांडा पोकळ आणि वायूने भरलेला, म्हणून ते उभे तरंगते. इथली मोठी जात दहा-बारा मीटरपर्यंत उंच होते आणि चांगल्या दिवसांत रोज सेंटीमीटरभर वाढते. केपटाऊनच्या परिसरापासून उत्तरेला नामिबियापर्यंत हे रान हजार किलोमीटरहून अधिक पसरले आहे. २०२१ मध्ये ऑस्कर मिळालेला ऑक्टोपसवरचा माहितीपट याच रानात चित्रित झाला.

एवढे रान थंड पाण्यात का, हा आमचा सवाल होता. आमची समजूत अशी की ऊन आणि ऊब असेल तिथे जीवन जास्त. समुद्रात हिशेब वेगळा आहे. केपच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटतो. तो वरचे कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातले थंड पाणी वर येते. वर्षानुवर्षे तळाशी साचलेले खत ते सोबत आणते. उजेडात आलेल्या त्या खतावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर बारीक जीव, त्यांच्यावर मासे. शिवाय थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. म्हणून हे पाणी निळे आणि आरपार नसते. हिरवट, धुरकट असते. आम्हाला त्या दिवशी जेमतेम सहा-सात मीटरपर्यंतचे दिसत होते. तो धूर म्हणजे समुद्राच्या भटारखान्याचा धूर.

दिसायला वेळ लागतो

केल्पच्या पट्ट्यांखाली उतरलो तेव्हा उजेड पानांतून गाळून येत होता, आमराईत येतो तसा. लाट आली की सारे रान एका बाजूला झुकायचे, परतली की दुसऱ्या. मासेही तसेच हलायचे. आम्ही हातपाय मारून लाटेशी झगडत होतो. मामूंच्या नातीने तळहात खाली दाबून दाखवले: थांबा. थांबल्यावर आम्हीही त्या झोक्यात आलो.

पहिली पाच मिनिटे आम्हाला दगड आणि शेवाळाशिवाय काही दिसले नाही. मग खडकावरचे जांभळे, हिरवे, लालसर गोळे म्हणजे काटेरी अर्चिन आहेत हे कळले. त्यांनी डोक्यावर शिंपल्यांचे तुकडे धरले होते, भर उन्हात बाया डोक्यावर सूप धरतात तसे. समुद्रफुले दिसली. तारामासे दिसले. एका कपारीत आपल्या शेवंडीची बहीण मिशा हलवत बसली होती.

वाळूवर एक सुंदर शंख पडला होता. आम्ही हात पुढे केला. नातीने हातावर हलकी टपली मारली आणि शंखाकडे बोट केले. क्षणभराने आतून खेकड्याचे दोन पाय बाहेर आले. वर आल्यावर ती म्हणाली, "चाचा, समुद्रात रिकामं दिसणारं घर रिकामं नसतं. तुम्ही आज नेलं, तर उद्या कोणीतरी बेघर." तिच्या वर्गाचा नियम असा की पाण्यातून काहीही आणायचे नाही आणि कशाला हात लावायचा नाही. सीललाही नाही. तिथल्या सील प्राण्यांत २०२४ पासून रेबीज आढळू लागला आहे, त्यामुळे त्यांच्यापासून सगळेच जपून राहतात.

मग एक मोरी दिसली. आपल्या बाजारात कापून ठेवलेली मोरी आम्ही शेकडो वेळा पाहिली आहे. ही हातभर लांबीची, अंगावर घोणसासारखे नारिंगी-तपकिरी पट्टे. आमची चाहूल लागताच तिने स्वतःचे वेटोळे केले आणि शेपटीने डोळे झाकून घेतले. इंग्रजीत हिला 'लाजाळू शार्क' अशा अर्थाचे नाव आहे. जिच्या नावाने आम्ही रात्रभर जागलो, ती शार्क जात आमच्यासमोर तोंड लपवून बसली होती.

त्यानंतर लेकीने आमचा दंड धरला. समोर एक भोक आणि भोकापुढे फोडलेल्या शिंपल्यांचा ढीग. आम्हाला तो कचरा वाटला. तिने दोन बोटांनी स्वतःच्या डोळ्यांकडे आणि मग भोकाकडे खूण केली, म्हणजे 'बघत राहा'. एक मिनिट गेले, दोन गेली. मग आत दगडासारखे जे दिसत होते त्याला एक डोळा फुटला, आडव्या फटीसारख्या बाहुलीचा. ऑक्टोपस. त्याचा रंग आमच्या देखत राखाडीचा तपकिरी झाला, कातडीवर काटे उठले आणि पुन्हा बसले. प्रशिक्षकाच्या आधी ते घर आमच्या पोरीने ओळखले होते. ताज्या शिंपल्यांचा ढीग म्हणजे त्याचे दार, हे तिने कुठे तरी वाचून ठेवले होते.

ऑक्टोपसला तीन हृदये असतात आणि रक्त निळे असते. आयुष्य मात्र साधारण एक-दोन वर्षांचे. मादी अंडी घातल्यावर खाणे सोडते, बिळात बसून अंड्यांवर पाणी फुंकत राहते आणि पिले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. हे सगळे लेकीने आम्हाला गाडीत सांगितले. वर्गात एखादे मूल खिडकीबाहेर पाहत बसते आणि आम्ही त्याला फळ्याकडे बघ म्हणतो. किती मुलांना आम्ही असे परत वळवले असेल, ते त्या दिवशी मनात येऊन गेले.

जे दिसले नाही

त्या पाण्यात काही गोष्टी आम्हाला दिसल्या नाहीत. त्यांची हकीकतही सांगायला हवी.

तिथे पर्लेमून नावाचा कानाच्या आकाराचा मोठा शिंपला असतो. आतून मोत्यासारखा चमकतो. त्याच्या मांसाला पूर्व आशियात भरपूर दाम मिळतो, म्हणून चोरटे पाणबुडे रातोरात तो खरवडून नेतात. हौशी लोकांना तो पकडण्याची परवानगी २००३-०४ पासून बंद आहे, तरी चोरी थांबलेली नाही. दुसरे संकट माणसाच्या हातचे नाही असे वरवर वाटते. पर्लेमूनची पिले लपतात कुठे, तर त्या काटेरी अर्चिनच्या काट्यांखाली. १९९० च्या दशकात फॉल्स बेच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर शेवंडी मोठ्या संख्येने सरकल्या. त्यांनी अर्चिन फस्त केले आणि पिलांचे छप्पर गेले. डोक्यावर शिंपला धरून बसलेला तो साधा गोळा कुणाचे घर सांभाळत होता, हे तो गेल्यावर कळले.

सायमन्स टाऊनच्या थोडे दक्षिणेला मिलर्स पॉइंट आहे. इतर बहुतेक शार्कना कल्ल्यांच्या पाच फटी असतात, इथे सात फटींची जुनी जात मोठ्या संख्येने जमायची आणि डायव्हर ती पाहायला जायचे. २०१५ आणि २०१६ मध्ये तिथे तळाशी या शार्कची प्रेते सापडली. आतले काळीज तेवढे गायब होते. संशोधकांनी हे किलर व्हेलचे काम ठरवले आणि त्यानंतर त्या शार्क तिथून पांगल्या. पाण्यात उतरून नियमाने पाहणारी माणसे होती म्हणून हे समजले. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला समुद्र त्या दिवशीही रोजच्यासारखाच दिसला असेल.

विंडमिलच्या शेजारी बोल्डर्स बीचवर पेंग्विन राहतात. १९८२ मध्ये दोन जोड्यांपासून सुरू झालेली ही वस्ती हजारोंवर गेली होती. आता सार्डिन आणि अँकोव्ही मासे कमी झाल्याने पेंग्विनही घटले आहेत. २०२४ मध्ये या जातीची नोंद 'नष्ट होण्याच्या अगदी काठावर' या वर्गात झाली. आम्हाला किनाऱ्यावर पेंग्विन भेटले. पाण्याखाली एकदा फक्त काळा-पांढरा काहीतरी बाणासारखा गेला. नात म्हणाली, तोच होता.

मामूंचा किनारा

पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून आम्ही हळूहळू वर आलो. असे थांबल्याने दाबामुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. किनाऱ्यावर मामू थर्मासमधला चहा आणि खोबरे लावलेले कुसिस्टर घेऊन बसले होते. केपटाऊनच्या मुस्लिम घरांत रविवारी सकाळी हा गोड पदार्थ असतोच. आमचे दात वाजत होते. मामू म्हणाले, "मी अठ्ठ्याहत्तर वर्षं या गावात काढली. या पाण्यात पाय घातला नाही."

आम्हाला वाटले, त्यांनाही आमच्यासारखी भीती. ते म्हणाले, "भीती नाही रे. पाटी." वर्णभेदाच्या काळात असे किनारे फक्त गोऱ्यांसाठी होते. १९५३ च्या कायद्याने बाके, बस, किनारे सगळे वाटले गेले. १९६७ मध्ये सायमन्स टाऊन हेच मुळी गोऱ्यांचे गाव म्हणून जाहीर झाले आणि पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेल्या मुस्लिम कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांची मशीद तेवढी मागे उभी राहिली. त्या दिवशी जोहरची नमाज आम्ही तिथेच पढलो. १९९० मध्ये तो कायदा गेला. "पाटी काढली," मामू म्हणाले, "पण तोवर वय झालं होतं. आणि सवयही."

त्यांना पाटीने अडवले, आम्हाला भीतीने. किनारा दोघांचाही दाराशी होता आणि दोघांनीही आत काय आहे ते पाहिले नाही. त्यांची नात आणि आमची लेक मात्र खडकावर डोकी जुळवून, आज काय काय दिसले याची यादी करत होत्या. निघताना मामूंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आमच्या पायांचे पंख धुवायला घोटाभर पाण्यात उभे राहिले. "थंड आहे," एवढेच म्हणाले. पण बराच वेळ उभे राहिले.

गावी परतल्यावर

आम्ही भीती सोडली असे म्हणणार नाही. शिकलेला प्रशिक्षक, डॉक्टरांचा होकार, जोडीदाराशिवाय पाण्यात न जाणे आणि विमान पकडण्याआधी किमान अठरा तासांची विश्रांती, यांतली एकही गोष्ट सोडू नये. ज्यांना एवढ्या लांब जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे मालवण आहे. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे आणि तारकर्लीला स्कूबा शिकवणारी शासकीय संस्था आहे. पाणीही कोमट. तेही नको असेल तर ओहोटीला मुलांना घेऊन खडकांवर जावे, एका डबक्यापाशी दहा मिनिटे गप्प बसावे आणि येताना खिशात काही आणू नये.

शिरगावच्या अर्जावर पालकाच्या सहीची जागा होती. या वेळी पेन धरून बसावे लागले नाही. पोरीच्या अम्मीची अजून थोडी कुरकुर आहे, पण ती आता हॉस्टेलच्या जेवणाबद्दल आहे. प्रवेश मिळेल न मिळेल, पुढचे अल्लाहच्या हाती.

लेकीने त्या दिवसाची वही ठेवली आहे. तीन रकाने आहेत: काय दिसले, किती खोलीवर, काय करत होते. अर्चिन, शेवंड, लाजाळू मोरी, ऑक्टोपस अशी तेवीस नावे आहेत. चोविसावी नोंद आम्ही चोरून वाचली. 'अब्बा. ७ मीटर. गप्प होते.'